शेकाट्याच्या पायाचं माप

“शेकाट्याच्या गुडघ्याएवढं पाणी आहे,” मी म्हणाले. “म्हणजे चार बोटं. माझा घोटासुद्धा बुडायचा नाही. जाऊ का पुढं?”

घाटपांडेबाईंनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच मान हलवली. “जा. पण वाकून जा. आणि पिल्लं दिसली की तिथंच थांब.”

समोर तीस-चाळीस पावलांवर वाळूचा अरुंद पट्टा होता. त्यावर आर्लींनी अंडी घातली होती आणि ती फुटली का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. आर्ली म्हणजे मूठभर, वाळूच्याच रंगाचा पक्षी. बसला की दिसत नाही. मधे उथळ पाणी होतं आणि त्यात पाच शेकाटे आपल्या लांबलचक गुलाबी तंगड्या उचलत निवांत चरत होते.

मी वाकून निघाले. पहिली दहा पावलं तळाला घट्ट होतं. अकरावं पाऊल टाकलं आणि पाय खाली गेला तो थांबेचना. तोल सावरायला दुसरा पाय पुढं टाकला, तर तोही त्याच वाटेनं गेला. बघता बघता मी मांड्यांपर्यंत गाळात आणि कमरेपर्यंत पाण्यात उभी होते.

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, दोन बाया सकाळी सात वाजता त्या चिखलात कशाला कडमडायला गेल्या होत्या.

बोरवंडला माझं शिवणाचं दुकान आहे. आता पाटीवर ‘बुटीक’ लिहिलंय, पण तेव्हा, म्हणजे नव्व्याण्णव साली, नुसतं ‘मालन लेडीज टेलर’ होतं. घाटपांडेबाई आमच्या हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायच्या. मलाही शिकवलं, पट्टीसुद्धा खाल्लीय मी त्यांची. निवृत्त झाल्यावर त्या ब्लाउज शिवायला माझ्याकडं यायला लागल्या. एकदा म्हणाल्या, “मालन, तू म्हणे टेप न लावता माप सांगतेस.”

“छाती चौतीस, बाही नऊ,” मी म्हणाले. “आणि तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे.”

“तो दुर्बिणीच्या पट्ट्यामुळं,” बाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या मला तलावावर घेऊन गेल्या आणि पुढची चार वर्षं माझा एकही रविवार घरात गेला नाही. दूरवरचा पक्षी किती इंचाचा, चोच डोक्याच्या किती पट, हे मी नजरेनं सांगायचे आणि बाई वहीत लिहायच्या. पक्ष्याच्या पायावरून पाण्याची खोली सांगायची युक्ती माझीच. बाईंना तिचं फार कौतुक होतं. शिंप्याच्या डोळ्यानं पक्षी बघणारी बाई जगात एकच असेल, असं त्या लोकांना सांगायच्या आणि मी फुगून जायचे.

तलाव म्हणजे धरणाचं पाणी. जुनं बोरवंड त्याखाली गेलंय, माझ्या आईचं माहेर. दिवाळीनंतर पाणी काठोकाठ असायचं, थंडीत त्यावर पट्टकादंब आणि चक्रवाक उतरायचे. पट्टकादंब हे राखी हंस, हिमालय ओलांडून येतात आणि आमच्या लोकांचा हरभरा खातात. होळीनंतर ते परत जायचे, पाणी मागं हटायला लागायचं. मे महिन्यात जुन्या गावाचं टेकाड उघडं पडायचं, त्याचं बेट व्हायचं, एका चिंचोळ्या पायवाटेनं काठाला जोडलेलं. त्या बेटावर उघड्या जमिनीत नदीसुरय, हे पिवळ्या चोचीचे, दुभंगलेल्या शेपटीचे पक्षी, अंडी घालायचे. पावसाळ्यात सगळं परत पाण्याखाली. तेवढ्या दीड महिन्यात त्यांनी संसार उरकायचा.

त्याच्या दोन वर्षं आधी पुण्याचे काही फोटोवाले जीप घेऊन आले होते आणि दोन दिवस घरट्यांत ठाण मांडून बसले. सुरयांनी अंडी सोडून दिली. फोटोवाले गेल्यावर उरलेली अंडी काठावर मासे धरणाऱ्या भोयांनी खाल्ली, असं बाईंचं ठाम मत होतं. डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं, पण बाईंचं मत म्हणजे मत. तेव्हापासून त्यांनी नियम केला. घरट्यांचा काठ कुणालाही सांगायचा नाही. कुणी विचारलं तर खंडोबाचा काठ सांगायचा. तो तलावाच्या पार पलीकडं, तिथं टिटवीसुद्धा अंडं घालत नाही.

त्या सकाळी आमच्या ह्यांनी विचारलं, “आज कुठं दौरा?” मी म्हणाले, “खंडोबाच्या काठाला.” लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण तोंडावर खोटं बोलताना मला काडीचंही काही वाटलं नाही. चांगल्या कामासाठीचं खोटं, असं मी धरून चालले होते.

तर गाळ.

सुरुवातीला आम्ही हसलो. बाई म्हणाल्या, “शेकाट्याचं वजन दोनशे ग्रॅम, तुझं किती?” मी म्हणाले, “तेवढं सोडून विचारा.” मग बाईंनी काठी पुढं केली. त्यांच्या घट्ट जमिनीपासून माझ्यापर्यंत दोन हात कमी पडत होती. त्या पुढं सरकल्या आणि त्यांचा पाय नडगीपर्यंत रुतला. सदुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखणारे. मी ओरडले, “मागं व्हा बाई, तुम्ही अडकलात तर दोघींना कोण काढणार?” त्यांनी बसकण मारून कसाबसा पाय सोडवला. त्यांचा कॅनव्हासचा एक बूट गाळात राहिला.

मी पाय ओढून बघितला. एक ओढायला गेले की दुसरा बोटभर आणखी खाली. ही जुन्या गावाची काळी रानं. वीस-बावीस वर्षं पाण्याखाली मुरलेली काळी माती, त्यावर नदीनं आणून टाकलेला गाळ. शेकाट्याला काय, तो वरच्या सायीवर चालतो.

तरीसुद्धा मला खरी भीती वाटली नव्हती. बाई जाऊन कुणालातरी आणतील, मला ओढून काढतील, गावात महिनाभर टिंगल होईल, एवढंच डोक्यात होतं. मग माझी नजर शेकाट्यांकडं गेली.

“बाई, शेकाटे बघा.”

“आता त्यांचं काय?”

“मघाशी गुडघे दिसत होते. आता दिसत नाहीत.”

बाईंनी दुर्बीण लावली. शेकाटे त्याच जागी होते, पण पाण्याबाहेरचा पाय चार बोटांनी कमी झाला होता. आम्ही दोघी बघत असतानाच एकाचं पोट पाण्याला लागलं आणि तो किट् किट् करत उडाला. त्याच्यामागं बाकीचे चारही उडाले.

“वरच्या धरणातून पाणी सोडलंय,” बाई म्हणाल्या. “उन्हाळ्याचं आवर्तन. दरवर्षी पंधरा तारखेनंतर सोडतात, म्हणून मी आजचा दिवस धरला.” त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता.

“किती वाढतं?”

“मागच्या वर्षी दुपारपर्यंत तीन फूट वाढलं होतं.”

तीन फूट म्हणजे मी संपले. माप काढायला मला टेप लागत नाही.

“भोयांना आणा,” मी म्हणाले. “त्यांची होडी गाळावर चालते. रंभाजी असेल खोपटात. पळा बाई.”

बाई वळल्या. आणि वळून थांबल्या. आम्ही बेटाच्या टोकाशी होतो, त्यांच्यासमोर बेटाचा चढ होता, वर सुरय घिरट्या घालत होते. त्या तिथं उभ्या राहिल्या, फार तर दोन श्वास. मला वाटलं, गुडघ्यात कळ आली असेल.

“आणते कुणालातरी,” त्या म्हणाल्या. त्यांनी काठी माझ्याकडं फेकली. “ही छातीपुढं आडवी धर. हात-पाय झाडू नकोस. पाऊण तासात येते.” आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशा त्या बेटाच्या चढावरून दिसेनाशा झाल्या.

ब्लाउजचं माप घ्यायचं तर आम्ही खालून वर जातो. आधी कंबर, मग छाती, मग काखेतला मुंढा, मग गळा. बाई गेल्या तेव्हा पाणी कमरेला होतं. ते त्याच क्रमानं वर चढत गेलं. घाई नव्हती त्याला. मी ड्रेसच्या बटणांवर खूण धरली होती. एक बटण बुडालं की दुसऱ्याकडं बघायचं. बटणं सहा होती, मीच लावलेली, दोन दोन इंचांवर. दोन बटणांत साधारण दहा मिनिटं जात होती. मी मनात हिशेब मांडला आणि मांडला नसता तर बरं झालं असतं.

मी हाका मारल्या. “कोणी आहे का?” असं चांगलं पंधरा-वीस वेळा ओरडले. ओरडलं की सुरय आणखी कालवा करायचे, माझा आवाज त्यातच विरायचा. मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी कुठं आहे हे जगात कुणालाच माहीत नाही. दुपारी मी घरी गेले नाही की हे सायकल काढतील आणि थेट खंडोबाच्या काठाला जातील. तिथं देवळाच्या पायरीवर बसून माझी वाट बघतील. संध्याकाळी गावातली माणसं जमतील, तीही खंडोबाच्याच काठाला गळ टाकून शोधतील. मी इथं, त्यांच्यापासून दीड मैलावर. माझी पोरगी शर्वरी सहावीत होती. तिच्या मावशीच्या लग्नासाठी तिचं परकर-पोलकं बेतून ठेवलं होतं, शिवायचं राहिलं होतं. ते कापड कुणाला सापडेल का, याचंच मला रडू यायला लागलं. माणसाला अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला काठपदराचा तो तुकडा आठवत होता.

तिसरं बटण बुडालं तेव्हा एक विरोळा माझ्यापासून हातभर अंतरावरून पोहत गेला. पाणसाप, बिनविषारी, बाईंनीच शिकवलेलं. तरी माझे दात वाजायला लागले. मे महिन्यातल्या उन्हात मी थंडीनं कुडकुडत होते. पायांना तर काही कळतच नव्हतं, ते माझे नव्हतेच जणू.

चौथं बटण गेलं आणि मला होडी दिसली.

भोयांची खोपटं माझ्या डाव्या हाताला, पाण्यावरून अर्धा-पाऊण मैल. तिथून पत्र्याची होडी सुटली होती. माझ्याही गळ्यात दुर्बीण होती, बाईंचीच जुनी. भिजू नये म्हणून ती काठीवर ठेवली होती, ती डोळ्यांना लावली. वल्ह्यावर रंभाजी भोई, त्याच्यामागं त्याची बायको हौसाबाई, पुढं पांढऱ्या टोपीतल्या बाई. मी हसले का रडले ते आठवत नाही, पण मोठ्यानं काहीतरी केलं. काठी उंचावून हलवली.

होडी थोडी पुढं आली. आणि तिचं तोंड उजवीकडं वळलं.

मला वाटलं, खडक-बिडक चुकवत असतील. पण ती वळतच गेली. बेटाला बगल देऊन, मला पाठमोरी होऊन ती तलावाच्या मधोमध निघाली. समोर खंडोबाच्या देवळाचा कळस दिसत होता. होडी सरळ त्या कळसाच्या रोखानं चालली होती.

“बाई,” मी ओरडले. “इकडं. बाई, इकडं.”

पाऊण मैलावर काय ऐकू जाणार. बाई पुढं तोंड करून ताठ बसल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं, घाबरल्यात बिचाऱ्या. दोन वर्षं सगळ्यांना तेच सांगून सांगून जिभेला वळण पडलंय, तेच निघून गेलं असेल. आता लक्षात येईल, आता वळतील. पाचवं बटण बुडालं, वळल्या नाहीत. होडी लहान होत चालली. त्यांनी एकदा दुर्बीण माझ्याकडं फिरवल्यासारखं वाटलं, पण होडी तशीच चालत राहिली.

पाणी मुंढ्याला आलं. काठी आता पाण्याखाली होती, मी दोन्ही हात वर करून दुर्बीण धरली होती. का धरली होती, ते विचारू नका. ती सोडली असती तर मी एकटी पडले असते. त्या दोन गोल काचांतून होडी तरी जवळ दिसत होती. मी फक्त बाईंच्या टोपीकडं बघत राहिले. मनात म्हणत होते, वळा. शपथेवर सांगते, दुसरा शब्द नव्हता मनात.

आणि बाईंनी परत दुर्बीण लावली. ह्या खेपेला नीट दिसलं. टोपी वळली, तिच्याखाली दोन काळे गोल आले आणि ते माझ्यावर स्थिर झाले. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी त्यांच्याकडं. पक्षी बघताना बाईंची पहिली शिकवण हीच होती की आपण बघतोय हे त्याला कळता कामा नये, कळलं की बघणं संपलं. आम्ही दोघीही किती वेळ दुर्बीण काढली नाही, कोण जाणे.

मग त्यांनी हात वर केला. होडी वळली.

पुढचं सगळं घाईत झालं. होडी बेटाच्या पलीकडच्या अंगाला लागली. माझ्या बाजूला यायला जवळून वळसा घेतला तर बुडालेल्या बाभळींची खुंटं होती, पत्रा फाटला असता. म्हणून होडी बेटावरूनच ओढून आणायची होती. चढावर आधी हौसाबाईचं डोकं दिसलं, मग होडीचं टोक. सुरय पिसाळले होते, डोक्यावर झेपावून चोची मारत होते. पाणी माझ्या हनुवटीला टेकलं होतं, मी मान मागं टाकून आभाळाकडं तोंड करून उभी होते. त्यामुळं पुढचं मी बघितलं थोडं आणि ऐकलं जास्त.

“बाई, तिथं पाय नगा ठिवू,” हौसाबाई म्हणत होती. “तिथं दोन हायती. ह्या धोंड्याच्या खालनं या. आवं, होडी डावीकडं वडा, हितं तीन अंडी हायती, म्होरं मोकळं हाय.”

ती न थांबता, न चाचपडता चालली होती. आपल्या घरात अंधारात माणूस चालतं तशी.

गाळावर होडी घसरत आली आणि हौसाबाई टोकावर पालथी पडून माझ्या खाकेत हात घालून म्हणाली, “ताई, पाय वडू नगा. आडव्या व्हा. पाटीवर निजल्यागत निजा. आता फकस्त टाच हलवा, हळूहळू, दळन दळल्यागत.” मी तिचं ऐकलं. मागं पडले तेव्हा पाणी नाकातोंडात गेलं, वाटलं संपलं. तिनं माझं डोकं आपल्या दंडावर धरलं. आधी डावा पाय सुटला, मग बऱ्याच वेळानं उजवा. रंभाजीनं मला वेणी आणि कंबर धरून वर घेतलं. होडीच्या तळाला मासळीचा वास होता आणि मी त्यात गाल घासत पडून राहिले.

भोयांच्या खोपटात हौसाबाईनं मला तिचं कोरडं लुगडं नेसवलं, वर गोधडी टाकली, गुळाचा चहा दिला. बाई दाराशी खाली बसल्या होत्या. अनवाणी पाय काट्यांनी रक्तबंबाळ झालेला. मी म्हणाले, “हौसाबाई, तुम्हाला घरटी कशी माहीत?”

“आता घ्या,” ती म्हणाली. “आमास्नी ठाव न्हाई व्हय? बेटाच्या आंगाला आमी चैतापासनं जाळंच लावत न्हाई. सुरय गुतत्यात. मागल्या वरसाला आमच्या दिराचं कुत्रं अंड्यांत गेलं, तर आमी कुत्रं बांदून घातलं पावसापतूर.”

बाईंनी मान वर केली. “अंडी कुणी खाल्ली मग? त्या फोटोवाल्यांच्या वेळी?”

“कावळ्यानी. आईबाप जाग्यावर न्हाईत म्हनल्यावं काय.” तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला. “पर बाई, एक कळलं न्हाई मला. दरसाल तुमी दोगी बेटावर जाता, आमी बगतो की. मग आज म्हनला, ताई खंडोबाच्या काठाकडं रुतल्यात, तिकडं चला, म्होरं वाट दावते. मी ह्यांना म्हनलं बी, बेटाकडं बगून घ्यावं का आदी. तर हे म्हनले, शाळंच्या बाई सांगत्यात, त्यांना ठाव नसंल व्हय.”

मी बाईंची बाजू घेतली. आजही आठवलं की वाटतं, कशाला घेतली. “घाबरल्या होत्या हो त्या,” मी म्हणाले. “घाबरलं की तोंडातून भलतंच निघतं.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

त्या हौसाबाईकडं बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही. आपल्या अनवाणी पायाकडं बघून बोलत होत्या. “घाबरले असते तर खरं सांगितलं असतं, मालन. मी विचार करून सांगितलं. वाटलं, ह्यांना बेट दाखवलं तर उद्यापर्यंत एक अंडं राहणार नाही. खंडोबाच्या काठावरून मागच्या धारेनं तुझ्यापर्यंत यायचं, म्हणजे बेट लागणारच नाही. पाऊण तासाचा वळसा होता. मागच्या वर्षीच्या वहीवरून मी धरलं होतं, पाणी तेवढा वेळ देईल.”

रंभाजी उठून बाहेर गेला. हौसाबाई चहाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“तुम्ही दोनदा बघितलंत माझ्याकडं,” मी म्हणाले.

“हो.”

“पहिल्यांदा बघितलंत तेव्हा?”

“तेव्हा पाणी छातीच्या वर होतं. मी म्हटलं, आहे अजून वेळ.” त्यांनी ओठ चावला. “दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तू माझ्याकडं बघत होतीस.”

मी गोधडी गुंडाळून घेतली. पाण्यात लागली नव्हती अशी भीती मला तिथं, कोरड्यात, चहाचा कप हातात असताना लागली. कप कलंडला, तो हौसाबाईनं काढून घेतला. मला एवढंच कळत होतं की गाळात मी दुर्बीण खाली ठेवली असती, नुसती हातातून सुटली असती, तर बाईंना आणखी थोडा वेळ आहे असं वाटलं असतं.

त्या दिवशी मी त्यांच्याशी पुढं एक शब्द बोलले नाही. नंतरही नाही. घरी मी अडखळून पाण्यात पडल्याचं सांगितलं. बाईंनीही कुणाला काही सांगितलं नाही, आणि हौसाबाई तर जशी काही मुकीच झाली. पाऊस आला, बेट बुडलं. हौसाबाई बाजाराला आली की सांगून जायची, सुरयांची पिल्लं उडाली, सोळा मोजली. दिवाळीनंतर पट्टकादंब आले. पहाटे दुकानाच्या पत्र्यावरून ते ओरडत जायचे आणि मी मशीन थांबवून ऐकायचे, पण दार उघडून वर बघितलं नाही. शर्वरी म्हणायची, आई, तुझे पक्षी आले. मी म्हणायचे, येऊ देत.

होळी झाली आणि एका दुपारी बाई दुकानात आल्या. हातात ब्लाउजचं कापड. वर्षभरात किती वाळल्या होत्या. “जुनं माप चालेल,” म्हणाल्या.

“चालणार नाही,” मी म्हणाले. “उभ्या राहा.”

टेप लावायची गरज नव्हती, तरी लावली. छाती बत्तीस झाली होती. मग पाठीमागं जाऊन खांदे बघितले आणि टेप हातातच राहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली असायचा, तो आता जेमतेम पाव इंच होता.

“दुर्बीण घेतली नाहीत वर्षभर?” मी विचारलं.

“घेऊन कुठं जाऊ?” बाई म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती, तोंड दिसत नव्हतं.

माफ करणं वगैरे मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. मला अजून राग होता, आजही आहे. पण तो पाव इंच मला बघवेना. “मे महिन्यात येईन,” मी म्हणाले. “पण घरी खरा काठ सांगून येईन. आणि बेटावर तुम्ही पुढं चालायचं, मी मागं.”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. बेटाची वाट भोयांच्या खोपटांवरून जाते. पूर्वी आम्ही मुद्दाम मागच्या घळीतून जायचो, ह्या खेपेला सरळ दारापुढून गेलो. हौसाबाई जाळं पसरून त्याचे फाटलेले डोळे विणत बसली होती. तिनं वर बघितलं.

“कुटल्या काटाला चालला, बाई?”

उत्तर मी मुद्दामच बाईंवर सोडलं. बाईंनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. दुर्बिणीचा पट्टा त्यांनी मुठीत धरला होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि माझ्या चपलांखालची कोरडी, घट्ट जमीन मला लागेनाशी झाली. कमरेपासून छाती, छातीपासून मुंढा, असं काहीतरी गार वर चढत गळ्यापर्यंत आलं.

“बेटावर,” बाई म्हणाल्या. “दहापर्यंत परत येऊ.”

“बरं,” हौसाबाई म्हणाली आणि पुढचा डोळा विणायला घेतला.